सुपारी, कोलॅजन आणि आखडणारे तोंड

वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. बंदी किती पाळली जाते हा वेगळा विषय. पण दारू हे व्यसन आहे, ती वाईट आहे, याबद्दल निदान उघडपणे कोणी वाद घालत नाही. खर्र्याचे तसे नाही. आर्वीपासून हिंगणघाटपर्यंत आणि देवळीपासून समुद्रपूरपर्यंत, बसस्थानक, तहसील, बाजार, महाविद्यालय, कुठल्याही ठिकाणच्या पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटला जातो आणि पन्नीत बांधून खिशात जातो. शेतावर, ऑटोत, कचेरीत तो एकमेकांना दिला जातो. डॉक्टरांनी व्यसनाबद्दल विचारले की ‘काही नाही’ असे उत्तर येते. ‘खर्रा?’ असे नाव घेऊन विचारले, की ‘तो तर सगळेच खातात’ असे ऐकायला मिळते. त्यापुढे आणखी एक वाक्य असते, आणि तेच सर्वांत घातक: ‘मी तंबाखूचा नाही खात, फक्त सुपारी खातो.’

ही समजूत चुकीची आहे. ती का चुकीची आहे हे कळण्यासाठी गालाच्या आतल्या बाजूला, अस्तराच्या खाली काय चालते ते पाहावे लागेल.

सुपारी चघळणाऱ्याला पहिली जाणीव होते ती जळजळीची. कालपर्यंत आवडीने खाल्लेला ठेचा आज तोंडात धरवत नाही. मग कधी बारीक फोड, कधी तोंड कोरडे पडणे. पुढे गालाच्या आतला गुलाबी रंग जाऊन पांढुरकी, संगमरवरासारखी छटा येते. बोट आत घालून चाचपले तर गालात उभे, ताठ पट्टे लागतात. हळूहळू तोंड कमी उघडू लागते. आधी अख्खी गुपचूप तोंडात जात नाही, मग भाकरीचा मोठा घास जात नाही. शिट्टी वाजवता येत नाही, फुगा फुगवता येत नाही, जीभ पूर्ण बाहेर काढता येत नाही. काहींचे तोंड इतके आखडते की दात घासायचा ब्रशही नीट फिरत नाही. अशा माणसाला उद्या अपघात झाला किंवा अपेंडिक्सचे ऑपरेशन करावे लागले, तर भूलतज्ज्ञाला श्वासनलिकेत नळी घालायला वाटच मिळत नाही, आणि साधी शस्त्रक्रिया जोखमीची होऊन बसते. या आजाराला ‘ओरल सबम्यूकस फायब्रोसिस’ म्हणतात. तोंडाच्या अस्तराखाली तंतूंचा थर साचत जाणे, हा त्याचा अर्थ.

हे तंतू परके नसतात. ते आपल्याच शरीराचे, कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे असतात. त्वचा, हाडे, कूर्चा, अस्थिबंध, रक्तवाहिन्यांच्या भिंती, हिरड्या या सगळ्यांना आकार आणि ताकद देणाऱ्या ऊतींना संयोजी ऊती म्हणतात. कोलॅजन हा त्यांचा मुख्य धागा. शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी पाव ते एक तृतीयांश वाटा एकट्या कोलॅजनचा असतो. तीन साखळ्या एकमेकींभोवती दोरीसारख्या वळून त्याचा रेणू बनतो. ही रचना उलगडण्याचे मोठे श्रेय मद्रास विद्यापीठात काम करणाऱ्या जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांना जाते. त्यांचे काम १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झाले. तिहेरी पिळामुळे हा धागा इतका चिवट होतो की शरीरातली प्रथिने पचवणारी नेहमीची विकरे त्याला सहज तोडू शकत नाहीत.

पण धागा तुटलाच नाही तर शरीर चालणार नाही. पावसाळ्यात डबक्यातले बेडूकमासे सर्वांनीच पाहिलेले असतात. काही आठवड्यांत त्यांची शेपटी नाहीशी होते. ती गळून पडत नाही, जागच्या जागी विरघळते. त्या शेपटीतले कोलॅजन कोण तोडते, हा प्रश्न जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर या संशोधकांनी घेतला आणि १९६२ मध्ये त्यांना कोलॅजिनेज हे विकर सापडले. तिहेरी पीळ एका ठराविक ठिकाणी कापणारी जणू ही कात्री. पुढे माणसातही अशा कात्र्यांचे मोठे कुटुंब सापडले. बाळंतपणानंतर सुमारे किलोभर वजनाचे गर्भाशय सहा आठवड्यांत शंभर ग्रॅमच्याही खाली येते. त्यातले जास्तीचे कोलॅजन अशाच विकरांनी तोडलेले असते. जखम भरताना आधी घाईने घातलेले जाडेभरडे धागे नंतर काढून नीट विणले जातात, तेही याच कात्र्यांच्या मदतीने. थोडक्यात, निरोगी ऊतीत धागा विणणे आणि धागा कापणे ही दोन्ही कामे बरोबर चालतात.

मग किती विणायचे आणि किती कापायचे हे ठरवते कोण? पेशी एकमेकींना निरोप पाठवतात. हे निरोप म्हणजे छोटी प्रथिने. एका पेशीतून निघून ती शेजारच्या पेशीच्या पृष्ठभागावरील ठराविक खुंटीला जाऊन चिकटतात, त्या पेशीच्या आत एकामागून एक हालचाली होतात आणि शेवटी तिच्या केंद्रकातली काही जनुके चालू, तर काही बंद होतात. संयोजी ऊतीत हे निरोप ऐकणारी मुख्य पेशी म्हणजे तंतुपेशी. धागा विणणारी तीच, आणि कात्री तयार करणारीही बऱ्याच अंशी तीच. शिवाय कात्री नको तेव्हा चालू नये म्हणून तिला लावायची कुलुपेही, म्हणजे विकरांना अडवणारी वेगळी प्रथिने, शरीर स्वतःच बनवते.

निरोप प्रमाणाबाहेर गेले की दोन दिशांनी बिघाड होतो. पहिली दिशा अतिमोडीची. क्षयरोगात फुफ्फुसात पोकळी पडते. ती केवळ जंतूंनी खाल्ल्यामुळे पडते असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात जंतूंशी लढणाऱ्या आपल्याच पेशी टीएनएफ, इंटरल्युकिन-१ यांसारखी दाहक प्रथिने सोडतात. त्यांच्या हुकमाने कोलॅजन कापणारी विकरे मोठ्या प्रमाणावर सुटतात आणि फुफ्फुसाचा सांगाडाच विरघळतो. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या क्षयरुग्णांत अशा पोकळ्या कमी आढळतात, यावरून पोकळीत शरीराचा स्वतःचा वाटा किती मोठा आहे ते कळते. हिरड्या सैल होऊन दात हलणे, संधिवातात सांध्याची कूर्चा झिजणे, हेही याच प्रकारचे नुकसान. म्हणूनच टीएनएफचा निरोप अडवणारी औषधे दिल्यावर अनेक संधिवाताच्या रुग्णांत सांध्यांची झीज मंदावते.

दुसरी दिशा याच्या नेमकी उलट. धागा विणला जातो, पण कापला जात नाही. सुपारी तोंडात हेच घडवते.

सुपारीत ॲरेकोलीन नावाचे अल्कलॉइड असते. सुपारी खाल्ल्यावर येणारी तरतरी आणि तिची लागणारी सवय यांत त्याचा मोठा हात आहे. चघळताना ते गालाच्या अस्तरातून आत झिरपते. सुपारीचे खरबरीत तुकडे अस्तर सतत खरचटत असतात. खर्र्यातला चुना त्याला आणखी दुखावतो. शरीराला हे सगळे एका जखमेसारखे दिसते. जखम दिसली की अस्तराच्या आणि दाहाच्या पेशी टीजीएफ-बीटा नावाचे निरोपाचे प्रथिन सोडतात. हे प्रथिन वाईट नाही. ते नसते तर कापलेले बोट भरून आले नसते. पण बोटाची जखम आठ-दहा दिवसांत भरते आणि निरोप थांबतो. दिवसातून आठ-दहा वेळा खर्रा तोंडात धरणाऱ्याच्या गालात मात्र ‘जखम झाली, दुरुस्ती करा’ हा निरोप वर्षानुवर्षे थांबतच नाही.

टीजीएफ-बीटाचा निरोप मिळाला की तंतुपेशी तीन कामे एकाच वेळी करते. कोलॅजनची निर्मिती वाढवते. कोलॅजन कापणारी विकरे कमी करते. आणि जी काही विकरे उरली आहेत, त्यांना लावायची कुलुपे वाढवते. आवक वाढली, जावक घटली आणि दारालाही कडी लागली, तर कोठारात काय होईल ते सांगायला नको.

एवढ्यावर भागत नाही. कोलॅजनचे धागे एकमेकांना जोडून पक्के करणारे एक विकर असते, लायसिल ऑक्सिडेज. त्याला काम करायला तांबे लागते, आणि सुपारीत तांब्याचे प्रमाण इतर कठीण कवचाच्या फळांपेक्षा बरेच जास्त असते. म्हणजे धागे नुसते साचत नाहीत, एकमेकांत घट्ट बांधलेही जातात. त्यात भर सुपारीतल्या टॅनिनची. टॅनिन म्हणजे तोंडाला तुरटपणा आणणारा पदार्थ. वर्ध्याजवळच्या नालवाडीत गांधीजींच्या काळात ग्रामोद्योग म्हणून चर्मालय चालवले गेले, हे जुन्या लोकांना माहीत असेल. चामडे कमावणे म्हणजे काय? बाभळीची साल किंवा हिरडा यांच्या पाण्यात कातडे मुरवायचे. त्यातले टॅनिन कातड्यातल्या कोलॅजनला असे धरून ठेवते की ते कुजवणारी विकरे त्याला तोडू शकत नाहीत. म्हणून कमावलेली चप्पल वर्षे टिकते. चपलेला हा गुण उपयोगाचा आहे. गालाला नाही. गालाचे अस्तर रोज ताणले जाण्यासाठी, मऊ राहण्यासाठी बनलेले आहे. सुपारी चघळणारा माणूस ते जिवंतपणीच थोडे थोडे कमावत असतो.

या सगळ्यातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो, आणि तो कडू आहे. मोडण्याची यंत्रणाच बंद पडलेली असल्याने, एकदा पक्के झालेले पट्टे खर्रा सोडल्यावर आपोआप विरत नाहीत. खोकल्याचे औषध घेतले आणि खोकला गेला, तसे हे नाही. सुरुवातीच्या टप्प्यात सुपारी पूर्ण सोडली तर जळजळ आणि फोड कमी होतात, आजार पुढे सरकणे थांबू शकते. नंतरच्या टप्प्यात गालात स्टेरॉइडची किंवा हायल्युरोनिडेजची इंजेक्शने आणि तोंड उघडण्याचे रोजचे व्यायाम यांनी काही मिलिमीटर मिळवता येतात. फारच आखडलेल्या तोंडात पट्टे शस्त्रक्रियेने कापून त्या जागी दुसरी त्वचा बसवावी लागते. सावंगी (मेघे) येथील दंत महाविद्यालयाच्या शल्यचिकित्सकांनी नाकाशेजारच्या गालाची त्वचा आत वळवून हे काम करण्याचा आपला अनुभव २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडला होता. ही सोय जिल्ह्यात आहे, हे चांगलेच. पण शस्त्रक्रियेनंतरही महिनोन्महिने व्यायाम चुकवता येत नाही, आणि पुन्हा सुपारी सुरू केली तर पट्टे पुन्हा येतात.

त्याहून गंभीर बाब कर्करोगाची. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंत संशोधन विभागाने केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्यात या आजाराच्या ६६ रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवले. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ७.६ टक्के रुग्णांना तोंडाचा कर्करोग झाल्याचे आढळले. म्हणजे साधारण तेरा-चौदा रुग्णांमागे एक. तोंड न उघडणाऱ्या रुग्णात हा कर्करोग दिसणेच अवघड असते. त्यामुळे तो अनेकदा उशिरा हाती लागतो.

आता ‘फक्त सुपारी’ या समजुतीकडे पुन्हा येऊ. तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग होतो हे निर्विवाद आहे, आणि खर्र्यात दोन्ही असल्याने धोका वाढतोच. पण तोंड आखडण्याचा आजार मुख्यतः सुपारीचा आहे. १९५२ मध्ये श्वार्ट्झ या डॉक्टरांनी पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांत त्याचे पहिले आधुनिक वर्णन केले, आणि पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. जोशी यांनी तो भारतात नोंदवला. तैवानमध्ये विड्यात तंबाखू घालत नाहीत, तरी सुपारी खाणाऱ्यांत हा आजारही आढळतो आणि तोंडाचा कर्करोगही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००३ मध्ये सगळा पुरावा तपासून सुपारीला, तंबाखूविना असली तरी, माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस याच गटात आहेत.

हे विज्ञान वीस वर्षांहून जुने आहे. आपली धोरणे मात्र अजून तंबाखूपाशीच थांबली आहेत. २०१२ मध्ये महाराष्ट्राने गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातली. पुढे सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीही तिच्या कक्षेत आली. ते पाऊल योग्यच होते. पण ठेल्यावर समोर घोटून दिल्या जाणाऱ्या खर्र्याला ना कारखाना, ना पाकीट, ना पाकिटावरचे धोक्याचे चित्र. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्याने मनाई आहे. साध्या सुपारीला तो नियम लागू नाही. ती किराणा दुकानात चॉकलेटच्या बरणीशेजारी टांगलेली असते आणि दहा वर्षांचे मूल ती उघडपणे विकत घेऊ शकते. पुढे खर्र्यापर्यंत जाणारी वाट अनेकदा त्याच पुडीपासून सुरू होते.

तपासणीचेही तेच. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंडाच्या कर्करोगासाठी तपासणी तीस वर्षांपासून पुढे केली जाते. कर्करोगासाठी हे वय ठीक असेल, पण आखडणाऱ्या तोंडाचे रुग्ण विशीतले असतात, कित्येकदा त्याहूनही लहान. तिशीला तपासणी होईपर्यंत धागे पक्के झालेले असतात. जो आजार मागे फिरवता येत नाही, त्याची तपासणी तो पुढे जाण्याआधी व्हायला हवी, हे सांगायला मोठ्या तज्ज्ञाची गरज नाही.

यासाठी नवे यंत्र लागत नाही. निरोगी माणसाचे तोंड उघडले की त्याच्याच हाताची तीन बोटे, एकावर एक उभी, वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये मावतात. दोनच मावली, तर दंतवैद्याकडे जायला हवे. ही परीक्षा शिक्षक घेऊ शकतो, आशाताई घेऊ शकते, एनसीसीचा प्रशिक्षक घेऊ शकतो. शाळांत जाणाऱ्या आरोग्य पथकांनी डोळे आणि दात पाहताना तीन बोटे मोजून नोंदवली, महाविद्यालयांच्या प्रवेशाच्या वेळी होणाऱ्या तपासणीत हा एक रकाना वाढवला, तर जिल्ह्याला पहिल्यांदा कळेल की आपल्या किती मुलांचे तोंड आखडू लागले आहे. ज्यांना जळजळ आहे पण पट्टे नाहीत, ते पूर्ण थांबवता येण्यासारखे रुग्ण आहेत. त्यांच्यासाठी ग्रामीण रुग्णालयात व्यसन सोडवण्याचा सल्ला मिळायला हवा, कारण ॲरेकोलीनची ओढ खरी असते आणि ‘सोडून द्या’ एवढे म्हणून ती सुटत नाही.

आणि प्रशासनाने दोन साध्या गोष्टी कराव्यात. तंबाखूविरोधी प्रत्येक फलकावर, प्रत्येक भाषणात ‘तंबाखू’ या शब्दाबरोबर ‘सुपारी’ हा शब्द यावा. आणि शाळेच्या परिसरात तंबाखूला जो नियम आहे, तोच सुपारीच्या पुड्यांना लावावा. मोठ्यांच्या सवयीवर कायद्याने किती मात करता येते याबद्दल या जिल्ह्याला दारूबंदीचा पुरेसा अनुभव आहे. पण मुलाच्या हातात पहिली पुडी पडू न देणे हे त्यापेक्षा बरेच सोपे काम आहे.

शरीर रोज थोडे विणते आणि थोडे मोडते. त्या दोन्हींच्या तोलावर गालाचा मऊपणा टिकून असतो. जळजळीच्या टप्प्यावर हा तोल सावरता येतो. पट्टे धरल्यावर डॉक्टरच्या हातात फार थोडे उरते. म्हणून ज्या घरात कोणाला अचानक तिखट सोसेनासे झाले असेल, त्या घराने ‘उष्णता झाली’ म्हणून ते सोडून देऊ नये. आजच तीन बोटे तोंडात उभी घालून पाहायला सांगावे, आणि खिशातली पन्नी बाहेर काढायला लावावी.